क्वांटम वेलमधली इम्प्युरिटी आणि खुब्याचं फ्रॅक्चर: नाशिकमध्ये पहिलं संशोधन हाती घेणाऱ्यांसाठी

थिसिसच्या आकडेमोडीत मदत करायला बसलं की नाशिकमध्ये दोन प्रकारची मुलं समोर येतात. कॉलेज रोड-गंगापूर रोडकडची एमएस्सी फिजिक्सची मुलं, ज्यांना प्रोजेक्टला ‘अर्धवाहक क्वांटम वेलमधल्या इम्प्युरिटी स्टेट्स’ असा विषय मिळालेला असतो. आणि ऑर्थोपेडिक्सचे रेसिडेंट, जे रात्रीची इमर्जन्सी संपवून तसेच आलेले असतात आणि ज्यांच्या डोक्यावर म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाला सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) पाठवायची तारीख असते. एकाला दुसऱ्याचं काम परग्रहावरचं वाटतं. अडतात मात्र दोघं एकाच जागी. उत्तर हातात येतं आणि मग विचार सुरू होतो की हे बरोबर आहे की नाही, हे आता ठरवायचं कसं?

हा विचार आधी करायचा असतो. आपलं उत्तर चुकलं तर ते कुठे आणि कसं पकडलं जाईल, याची सोय लावून मगच कामाला हात घालायचा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत. फिजिक्सवाल्यांनी ऑर्थोचा भाग आणि ऑर्थोवाल्यांनी फिजिक्सचा भाग वाचला तर बिघडणार काहीच नाही.

विषय नको, प्रश्न आणा

‘क्वांटम वेलमधल्या इम्प्युरिटीचा अभ्यास’ हा विषय झाला. ‘खुब्याच्या फ्रॅक्चरमधील आमच्या रुग्णालयाचे अनुभव’ हाही विषयच, आणि त्यातून अनुभवापलीकडे सहसा काही निघत नाही. प्रश्नाला शेवटी प्रश्नचिन्ह लागतं आणि त्याचं उत्तर एका आकड्यात किंवा एका आलेखात देता येतं.

फिजिक्सचा प्रश्न असा मांडा: गॅलियम आर्सेनाइडच्या थराची जाडी कमी करत नेली, तर थराच्या मध्यावर बसलेल्या सिलिकॉन डोनरची (जास्तीचा इलेक्ट्रॉन देणाऱ्या अणूची) बाइंडिंग एनर्जी, म्हणजे तो इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा, किती आणि कशी वाढते? ऑर्थोचा असा: साठीपुढच्या पेशंटच्या खुब्याच्या फ्रॅक्चरला नेल घातला किंवा स्क्रू-प्लेट लावली, तर सहाव्या आठवड्याला चालताना होणाऱ्या दुखण्यात फरक पडतो का? दुसऱ्या प्रश्नात पेशंट कोण, काय केलं, कशाशी तुलना आणि काय मोजलं, हे चारही आले आहेत. यातलं एक जरी सुटलं तरी पुढे एथिक्स कमिटीत कोणीतरी तेच विचारतं, आणि ते विचारतं तेव्हा तुमच्याकडे वेळ उरलेला नसतो.

फिजिक्स: आधी परिस्थिती डोळ्यांपुढे आणा

इसाकी आणि त्सू यांनी १९७० मध्ये वेगवेगळ्या अर्धवाहकांचे पातळ थर एकाआड एक रचायची कल्पना मांडली. १९७४ मध्ये बेल लॅब्जमधल्या डिंगल, विगमन आणि हेन्री यांनी अशा पातळ थरांत इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या खरोखर सुट्या सुट्या होतात, हे प्रयोगातून दाखवलं. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड आणि मध्ये गॅलियम आर्सेनाइड. मधल्या थरात इलेक्ट्रॉनची ऊर्जा कमी असते, म्हणून तो तिथेच राहतो. हीच क्वांटम वेल.

आता त्या थरात गॅलियमच्या एका अणूच्या जागी सिलिकॉनचा अणू बसला, असं समजा. सिलिकॉनकडे एक इलेक्ट्रॉन जास्त. तो इलेक्ट्रॉन मागे राहिलेल्या धन भाराभोवती फिरतो, म्हणजे तयार होतो तो जवळजवळ हायड्रोजनचाच अणू. फरक दोन. या स्फटिकात इलेक्ट्रॉनचं परिणामी वस्तुमान मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ०.०६७ पट असतं, आणि स्फटिकाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक १२.५ ते १३ असल्याने ओढ तेवढ्या पटीने सौम्य होते. हायड्रोजनचे १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट घ्या, ०.०६७ ने गुणा, १२.५ च्या वर्गाने भागा. उत्तर ५.८ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. बोर त्रिज्याही अर्ध्या अँगस्ट्रॉमवरून १०० अँगस्ट्रॉमच्या आसपास जाते. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढची सगळी मापं यांच्याच पटीत घ्यायची. ५.८ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टला आपण एक परिणामी रिडबर्ग म्हणू आणि १०० अँगस्ट्रॉमला एक परिणामी त्रिज्या.

गोम इथे आहे. इलेक्ट्रॉनचा ढग १०० अँगस्ट्रॉम त्रिज्येचा, आणि थर ५० किंवा १०० अँगस्ट्रॉम जाडीचा. दोन ताटांमध्ये दाबलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा तो ढग चपटा होतो, सरासरीने धन भाराच्या जास्त जवळ राहतो आणि म्हणून बाइंडिंग एनर्जी वाढते. किती वाढते, हाच तुमचा प्रश्न.

खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा साधारण २६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असते, म्हणजे हा इलेक्ट्रॉन कधीच सुटून गेलेला असतो. द्रव हेलियमच्या ४.२ केल्विनला ती ०.३६ वर येते. म्हणून हे प्रयोग थंडीत होतात, दूर-इन्फ्रारेड शोषण नाहीतर फोटोल्युमिनेसन्स वापरून. असे थर वाढवायची यंत्रं मुंबईत आयआयटी आणि टीआयएफआरमध्ये आहेत. आपल्याकडे लॅपटॉप आहे, आणि या प्रश्नाला तो पुरतो.

फिजिक्स: तपासणीचे तीन आकडे, मग प्रोग्रॅम

इथे घाई करू नका, कारण ही पायरी जमली की बाकीचा प्रोजेक्ट बराचसा आपोआप सरकतो.

जेराल्ड बस्टार्ड यांनी १९८१ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू बी’मध्ये या प्रश्नाचं सोपं प्रारूप दिलं. भिंती अनंत उंच धरायच्या आणि व्हेरिएशनल पद्धत लावायची. ट्रायल फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या तरंगाचा आपण धरलेला अंदाजी आकार, दोन भागांचं. एक, भिंतींना शून्य होणारा कोसाइन, जो रिकाम्या वेलचाच आहे. दुसरा, डोनरपासूनच्या अंतरानुसार घटत जाणारा घातांकी भाग, ज्याचा पसारा लॅम्डा या एका आकड्याने ठरतो. लॅम्डा बदलत राहायचं आणि ज्या लॅम्डाला एकूण ऊर्जा सर्वांत कमी येते तो घ्यायचा.

गणित करायला बसलात की एक सुखद गोष्ट दिसते. कोसाइन हा रिकाम्या वेलचं अचूक उत्तर असल्याने गतिज ऊर्जेतला नको असलेला सगळा पसारा एकमेकांत कटतो आणि उरतं ते असं:

बाइंडिंग एनर्जी = २ × (१ भागिले अंतर, याची सरासरी) − (१ भागिले लॅम्डाचा वर्ग)

एनर्जी रिडबर्गमध्ये, अंतर आणि लॅम्डा परिणामी त्रिज्येत. सरासरी काढताना थराच्या प्रतलातला इंटिग्रल हाताने सुटतो. प्रतलातल्या अंतराऐवजी डोनरपासूनचं थेट अंतर हे चल घ्या, दोन ओळींत काम होतं. मग संगणकासाठी थराच्या जाडीच्या दिशेचा एकच इंटिग्रल उरतो. काही मुलं थेट त्रिमितीय ग्रिड मांडून लॅपटॉप रात्रभर तापवत ठेवतात. गरज नाही.

आता प्रोग्रॅम लिहिण्याआधी कागदावर तीन टोकं सोडवा.

थर प्रचंड जाड केला, डोनर मध्यावर: भिंती दूर गेल्या, साधा हायड्रोजन परत आला. सरासरी येते १/लॅम्डा, म्हणून बाइंडिंग एनर्जी २/लॅम्डा − १/लॅम्डा². लॅम्डा १ ला ती कमाल होते, उत्तर १ रिडबर्ग.

थर शून्याकडे नेला: इलेक्ट्रॉन प्रतलात अडकला, द्विमितीय हायड्रोजन. सरासरी २/लॅम्डा, एनर्जी ४/लॅम्डा − १/लॅम्डा². लॅम्डा अर्धा, उत्तर ४ रिडबर्ग.

थर प्रचंड जाड, पण डोनर भिंतीला चिकटलेला: भिंतीपाशी फंक्शन शून्य व्हायलाच हवं, त्यामुळे इलेक्ट्रॉन डोनरच्या जवळ राहूच शकत नाही. सरासरी १/(२ लॅम्डा), लॅम्डा २, उत्तर पाव रिडबर्ग.

१, ४ आणि ०.२५. तुमचा प्रोग्रॅम या तिन्ही टोकांना हे आकडे देत नसेल, तर मधल्या जाडीचं त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं कारण नाही. चौथा आकडा सोबतीला ठेवा: जाडी बरोबर एक परिणामी त्रिज्या, म्हणजे सुमारे १०० अँगस्ट्रॉम, आणि डोनर मध्यावर असेल तर या पद्धतीने २.२५ रिडबर्गच्या आसपास उत्तर येतं आणि लॅम्डा ०.८ च्या जवळ बसतो. मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये ते १३ होतात. तुमचं २.२ किंवा २.३ आलं तर इंटिग्रेशनची पावलं बारीक करून बघा, १.१ किंवा ४.५ आलं तर बहुतेक कुठेतरी २ चा गुणक हरवला आहे.

प्रोग्रॅम पायथॉनमध्ये लिहा. सायपायमधलं इंटिग्रेशनचं आणि एका चलाच्या किमान मूल्याचं, अशी दोन तयार फंक्शन्स पुरतात. एकच खोच सांभाळायची. घातांकी भागाला डोनरच्या जागी टोक असतं, म्हणून इंटिग्रल तिथे तोडून दोन तुकड्यांत करा. नाहीतर डोनर भिंतीकडे सरकवताना आलेखात विनाकारण दात दिसतात आणि मुलं त्यांना नवीन शोध समजतात.

आणखी एक चाचणी फुकटात मिळते. व्हेरिएशनल पद्धतीत एकूण ऊर्जा खऱ्या ऊर्जेच्या खाली कधीच जात नाही. म्हणजे बाइंडिंग एनर्जी खऱ्यापेक्षा कमी किंवा फार तर तेवढीच येणार. अनंत भिंतींच्या वेलमध्ये तुमचा वक्र कुठल्याही जाडीला ४ च्या वर गेला, तर चूक प्रोग्रॅममध्ये आहे, निसर्गात नाही.

फिजिक्स: प्रारूप कुठे मोडतं ते तुम्हीच सांगा

अनंत भिंतीच्या वेलमध्ये सर्वांत खालची पातळी किती वर असते, तेही काढून ठेवा. १०० अँगस्ट्रॉमला ५६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. जाडी निम्मी केली की चौपट, म्हणजे ५० अँगस्ट्रॉमला साधारण २२४. आणि २० अँगस्ट्रॉमला १.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट!

आता खरी भिंत किती उंच आहे ते बघा. बाजूच्या थरात ३० टक्के ॲल्युमिनियम असेल तर दोन पदार्थांच्या बँडगॅपमधला (इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी) फरक सुमारे ०.३७ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतो आणि त्यातला साधारण ६० टक्के इलेक्ट्रॉनच्या वाट्याला येतो, म्हणजे ०.२२. याचा अर्थ असा की ५० अँगस्ट्रॉमलाच अनंत भिंतीच्या हिशेबाने इलेक्ट्रॉन भिंतीच्या माथ्याला टेकला. त्याहून पातळ थरात ‘अनंत’ हा शब्द उच्चारण्यात अर्थ राहत नाही.

ग्रीन आणि बजाज यांनी १९८३ मध्ये भिंती सांत, म्हणजे ठरावीक उंचीच्या, धरून हाच हिशेब केला. जाडी कमी होत जाते तशी बाइंडिंग एनर्जी वाढते, एका शिखराला पोहोचते आणि मग उतरते, कारण अतिपातळ थरात इलेक्ट्रॉन भिंतींत पाझरतो आणि अखेर बाजूच्या पदार्थातला साधा डोनर उरतो. ४ रिडबर्गची मर्यादा प्रत्यक्षात गाठलीच जात नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टला अनंत भिंतीचा पूर्ण हिशेब, सांत भिंतीचा एक वक्र आणि दोन्ही कुठून वेगळे व्हायला लागतात यावर एक परिच्छेद, एवढं भरपूर झालं. बाह्य विद्युतक्षेत्र, चुंबकीय क्षेत्र, दाब हे सगळं एकदम लावायचा मोह होतो. माझं मत विचाराल तर एकच जोडा, आणि तेही तीन टोकं जुळल्यावर.

ऑर्थो: पहिल्या पेशंटच्या आधी काय काय

फिजिक्सवाला चुकला तर प्रोग्रॅम पुन्हा चालवतो. तुम्हाला ती सोय नाही. पेशंट घरी गेला की सहाव्या आठवड्याचं दुखणं परत मोजता येत नाही. म्हणून इथे क्रमाला महत्त्व आहे: गाइडची मान्यता, संस्थेची संशोधन समिती, एथिक्स कमिटी, मग सीटीआरआयवर नोंदणी आणि त्यानंतर पहिला पेशंट. भारतातली ही क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्री २००७ मध्ये सुरू झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून ती पेशंट घ्यायच्या आधीचीच नोंदणी स्वीकारते. आधी पेशंट घेऊन मागाहून नोंदवू, हे चालत नाही. नोंदणीत मुख्य मोजमाप कोणतं ते लिहावं लागतं आणि तारखेसकट सगळ्यांना दिसतं. तुमच्यासाठी ‘१, ४ आणि ०.२५’ ते हेच: पुढे निकाल मनासारखा आला नाही म्हणून मोजमापच बदलायची पळवाट तुम्ही स्वतःच्या हाताने बंद करता.

संमतीपत्र मराठीत द्या, आणि ते कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द आला की समोरचा मान डोलावतो आणि काहीही न कळता अंगठा देतो. ‘दोनपैकी कोणतं ऑपरेशन करायचं ते चिठ्ठी काढून ठरेल, दोन्ही नेहमी होणारीच ऑपरेशनं आहेत’ असं लिहा. पेशंटला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदाराची सही लागते; वॉर्डातला तुमचाच ज्युनियर तो साक्षीदार होत नाही.

ऑर्थो: पेशंट किती?

‘सर, तीस घेऊ का?’ हा प्रश्न सगळे विचारतात. तीस कुठून आले, ते कोणालाच माहीत नसतं.

दोन गटांच्या सरासरीची तुलना असेल, नेहमीची ५ टक्क्यांची पातळी आणि ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडायची शक्यता) धरली, तर एका गटातले पेशंट साधारण १६ गुणिले एसडीचा (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याच्या मापाचा) वर्ग, भागिले फरकाचा वर्ग. दुखणं शून्य ते दहा पट्टीवर मोजताय, एसडी २ आहे आणि दीडचा फरक सापडायला हवा असं गाइड म्हणतात. १६ × ४ ÷ २.२५ = २८.४, म्हणजे २९. पाचातला एक फॉलो-अपला येणार नाही असं धरून २९ ला ०.८ ने भागा, ३७. दोन्ही गट मिळून ७४.

फरक दीडच्या ऐवजी पाऊण धरला की २९ चे ११४ होतात. म्हणून सूत्रात आकडे टाकायच्या आधी गाइडशी एका गोष्टीवर बोला: पेशंटला जाणवेल असा सर्वांत छोटा फरक किती? आणि मग मागच्या वर्षाचं ओटी रजिस्टर काढून, तुमच्या निकषांत बसणारे पेशंट महिन्याला किती आले ते हाताने मोजा. महिन्याला तीनच येत असतील तर ७४ ना दोन वर्षं लागतील, आणि फॉलो-अप वेगळा. प्रश्न बदलायची वेळ हीच.

ऑर्थो: नाशिकचा फॉलो-अप

कुठल्याच पुस्तकात हे नसतं म्हणून सविस्तर सांगतो. आपले पेशंट सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडून येतात, निफाड-दिंडोरीच्या बागांतून येतात, मालेगाव-बागलाणकडून येतात, आणि मुंबई-आग्रा हायवेवर अपघात झालेले तर कुठलेही असतात. सुरगाण्याचा माणूस द्राक्षाच्या कामाला दिंडोरीत मुक्कामी असतो. केस पेपरवर गावचा पत्ता, माणूस बागेत. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला, जानेवारीनंतरच्या काढणीला आणि एप्रिलच्या खरड छाटणीला ज्याचा पाय जरा बरा आहे तो ओपीडीला येत नाही. पावसाळ्यात भाताच्या लावणीचं तेच.

यात नुसती गैरसोय नाही, निकाल वाकतो. येत नाहीत ते बहुतेक बरे झालेले असतात, किंवा बिघडल्यावर दुसरीकडे गेलेले असतात. मधले तेवढे तुमच्या तक्त्यात उरतात.

उपाय साधे आहेत. दोन फोन नंबर घ्या, त्यातला एक घरच्याचा नाही तर शेजाऱ्याचा किंवा दुकानदाराचा. डिस्चार्जच्या कार्डावर पुढची तारीख लिहिताना पेशंटला विचारा, ‘त्या आठवड्यात कुठे असाल?’ सहा आठवडे म्हणजे बेचाळिसावा दिवस असं न धरता पाच ते सात आठवडे अशी खिडकी प्रोटोकॉलमध्येच लिहून ठेवा. दुखण्याचा आकडा फोनवर विचारता येतो. पण तेही आधी लिहिलेलं हवं, आणि दोन्ही गटांना सारखंच. तुमचा फॉलो-अप ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये पडत असेल तर सिंहस्थाच्या पर्वण्यांच्या तारखा कॅलेंडरवर आत्ताच गोल करून ठेवा. त्या दिवसांत शहरात गाडी आणणं पेशंटच्या हातात नसेल.

ऑर्थो: एक्स-रे कोण वाचणार?

हाड जुळलं की नाही, हे ऑपरेशन करणाऱ्यानेच ठरवलं तर ते जुळतंच. म्हणून एक्स-रे दोघांनी वेगवेगळे वाचायचे, आणि कोणत्या गटातला पेशंट हे शक्य तिथे झाकून. खुब्याच्या मानेच्या फ्रॅक्चरसाठी गार्डनचं वर्गीकरण सगळे वापरतात. पण १९८८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात आठ जणांना तेच १०० फ्रॅक्चर वाचायला दिले, तेव्हा आठही जणांचं एकमत फक्त २२ फ्रॅक्चरवर झालं होतं.

टक्केवारीवर जाऊ नका. समजा ५० एक्स-रे आहेत. दोघांनी मिळून ३० ना ‘जुळलं’ म्हटलं, १० ना ‘नाही’, आणि उरलेल्या १० वर मतभेद, पाच-पाच. एकमत ८० टक्के, ऐकायला छान. पण दोघंही ७० टक्के वेळा ‘जुळलं’ म्हणतात, म्हणजे डोळे मिटून बोलले असते तरी ०.७ × ०.७ अधिक ०.३ × ०.३, असे ५८ टक्के जुळलेच असते. योगायोगाचं जुळणं वजा करून उरलेलं एकमत, म्हणजे कोहेनचा कॅपा, येतो (८० − ५८) ÷ (१०० − ५८), सुमारे ०.५२. बरं आहे, पण छान नाही. हा हिशेब पहिल्या वीस-पंचवीस एक्स-रेवर करून बघा. कमी आला तर दोघांनी बसून ‘जुळलं’ म्हणजे चारपैकी किती कडांवर हाड दिसायला हवं ते लिहून काढा, आणि मग पुढे जा.

झाकलेलं मोजमाप म्हणजे काय, ते पाहायचं असेल तर मोझली यांचा २००२ मधला गुडघ्याच्या आर्थ्रोस्कोपीचा (दुर्बिणीच्या ऑपरेशनचा) अभ्यास वाचा. १८० पेशंट, त्यातल्या एका गटाला त्वचेवर नुसते छेद दिले, आत काहीच केलं नाही. दोन वर्षांनी खऱ्या ऑपरेशनवाल्यांचं दुखणं त्यांच्यापेक्षा कमी नव्हतं. तुमच्या थिसिसमध्ये खोटं ऑपरेशन करायचं नाही, कोणी करूही देणार नाही. पण ‘ऑपरेशननंतर पेशंटला बरं वाटलं’ यावर थांबायचं का नाही, ते या एका पेपरात कळतं.

दोघांसाठी: वाचन, फाइली, छपाई

पेपर वाचताना निष्कर्षापासून सुरुवात करू नका. फिजिक्समध्ये आधी गृहीतकं, मग आलेखाची दोन टोकं. ऑर्थोत आधी पद्धत, मग ‘किती घेतले आणि किती उरले’. फिजिक्सचे बरेच पेपर आरकाइव्हवर फुकट मिळतात, वैद्यकाचे पबमेडवरून शोधता येतात, जुने भारतीय प्रबंध शोधगंगेवर असतात. सरकारी संस्थेत असाल तर २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’खाली खूप जर्नल्स उघडतात, ग्रंथपालांना भेटा, ते सहसा विचारणाऱ्याची वाटच बघत असतात.

एक्सेलमध्ये एक ओळ, एक पेशंट. रंग भरून माहिती साठवू नका, रंगाची सरासरी निघत नाही. नावं वेगळ्या फाइलीत, कुलूप लावून. फिजिक्सवाल्यांनी प्रत्येक आलेखासोबत तो ज्या प्रोग्रॅममधून आला त्याची प्रत आणि वापरलेले स्थिरांक ठेवावेत. डायइलेक्ट्रिक स्थिरांक एका ठिकाणी १२.५ आणि दुसऱ्या ठिकाणी १२.९ घेतला की रिडबर्ग ५.८ वरून ५.५ वर येतो, आणि दोन वक्र का जुळत नाहीत यावर आठवडा जातो.

एक सूचना खास ऑर्थोवाल्यांना. मुख्य मोजमाप एकच. वीस वेगवेगळ्या चाचण्या केल्यात, तर खरा फरक कुठेच नसतानाही एखादी तरी ‘सिग्निफिकंट’ निघायची शक्यता ६४ टक्के असते. बाकीचं सगळं मोजा, पण ‘दुय्यम’ या मथळ्याखाली.

छापण्याबद्दल थोडक्यात. ‘आदरणीय प्राध्यापक’ असं संबोधून, आठवड्यात छापून देतो म्हणणारा ईमेल आला की तो पुसा, मग तुम्ही पहिल्या वर्षाचे रेसिडेंट असा नाहीतर एमएस्सीचे विद्यार्थी. यूजीसीने मान्य जर्नल्सची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे जर्नलची पारख आता आपल्यालाच करावी लागते: तुम्ही ज्यांचे पेपर वाचून काम केलंत ते कुठे छापतात, तिथून सुरुवात करा.

व्हायवाला जाताना

सोबत एकच छापील पान ठेवा. फिजिक्सवाल्यांच्या पानावर तक्ता: तीन टोकं, अपेक्षित आकडा, प्रोग्रॅमने दिलेला आकडा. बाहेरचे परीक्षक बहुधा दुसऱ्याच शाखेचे असतात. त्यांना तुमचा लॅम्डा आठवत नसतो, पण द्विमितीय हायड्रोजनला चारपट हे आठवत असतं, आणि ते तेच विचारतात.

ऑर्थोवाल्यांच्या पानावर चौकटींचा आराखडा: तपासलेले किती, नाकारलेले किती आणि का, दोन गटांत किती गेले, सहाव्या आठवड्याला किती आले. न आलेल्यांच्या चौकटीत नुसता आकडा लिहू नका. फोन लागला का, लागला तर काय म्हणाले, आणि काढणीचे दिवस होते का, तेही त्यातच लिहा.